किल्ली कुणाच्या खिशात?

या, या मंडळी, पुढं सरका. देवापुढं जागा सगळ्यांना आहे. खांबाला टेकायची जागा तेवढी मोजकी, आणि ती आधीच गेलीय! मघाशी निरूपण झालं. तुम्ही माना डोलावल्यात. आता मला सांगा — मान डोलली म्हणजे आत काही उतरलं का?

आमचे पेटीवाले नाना घ्या. पुरणपोळीची कृती यांना तोंडपाठ. डाळ किती शिजवायची, जायफळ कधी घालायचं, सगळं सांगतील. एकदा वहिनींनी लाटणं हातात दिलं. जे लाटलं गेलं ते ताटात मावेना, तव्यावर टिकेना आणि कुत्र्यानंही हुंगून सोडून दिलं! हसू नका. नाना एकटे नाहीत, आपण सगळे त्याच गोत्राचे.

तर आजचा प्रश्न एवढाच — शिकवलेलं माणसाच्या अंगी लागलं की नाही, हे मोजायचं कशानं? एक ओवी म्हणतो. संतांची नाही, आमचीच आहे, म्हणून चालीत बसवताना नानांना जरा घाम येतो.

*कानी पडले, मुखी आले, तेथेच अडले जाण ।*
*हाती जेव्हा उतरेल, तेव्हा खरे ते ज्ञान ॥*

बोला! ... टाळ्या पुरे. टाळ्यांचंच तर आख्यान आहे.

मंडळी, ऐका. कोल्हापूरच्या अलीकडं एक गाव. नाव नको, गावाला उगाच ठसका लागेल. त्या गावात सहकारी संघाचा पशुखाद्याचा कारखाना. मका, भुसा, सरकीची पेंड आणि वरून उसाची मळी. हे सगळं एकत्र घोळायला एक मिक्सर. तुमच्या ओट्यावरचा नव्हे! खोलीएवढा. वरती झाकण, वर चढून आत उतरायला शिडी, आणि मधोमध फिरणारी लोखंडी पाती, एकेक पातं केळीच्या पानाएवढं. मळी चिकट. ती कडेला धरते, आंबते, वास मारते. म्हणून रोज दुपारी यंत्र बंद करायचं, एका माणसानं आत उतरायचं आणि उलथण्यानं खरवडून काढायचं.

आत माणूस. बाहेर खटका. मधे काय? — विश्वास!

या विश्वासानंच केरबाचा हात नेला. कुणीतरी म्हणालं, "झालं असंल", कुणीतरी खटका दाबला. केरबा वाचला. संघानं त्याला फाटकावर बसवलं. सदऱ्याची एक बाही दुमडून सेफ्टी पिन लावलेली, आणि दुसऱ्या हातानं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करायचा. संचालक मंडळातल्या लोकांना तो सलाम सोसेना. त्यांनी ठराव केला — कामगारांना शिकवायला माणूस नेमा.

नेमलं कोणाला? उज्ज्वला मगदूम. तिशीतली बाई, शिकलेली, बोलायला मऊ पण मोजायला कडक. भाजीवालीनं चार मिरच्या वर टाकल्या तरी 'का टाकल्या' म्हणून विचारणारी! पहिल्या दिवशी ती फाटकातून आत आली, केरबानं सलाम केला आणि म्हणाला, "बाईसाहेब, माझ्या पंगतीला आता दुसरा नको." बस्स. नेमणुकीच्या कागदावर काय लिहिलं होतं ते ती विसरली असेल, हे वाक्य विसरली नाही.

तिनं शिकवलं काय? अगदी साधं. प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलं, त्यावर पांढऱ्या रंगात ज्याचं त्याचं नाव. कुलपाला किल्ली एकच. दुसरी सगळ्यांच्या देखत मोडून टाकली. आत उतरायच्या आधी खटका बंद करायचा, खटक्याच्या पेटीला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात. आपण बाहेर येत नाही तोवर यंत्र देवाच्या बापाकडूनही सुरू होऊ नये! आणि एक वाक्य पाठ करून घेतलं — "ज्याचं अंग आत, त्याची किल्ली खिशात."

कामगारांना फार आवडलं. इतकं आवडलं, की आठवड्यात निम्मी कुलपं गायब! बाई हुडकत गावात गेली. एक सापडलं सायकलीला, एक ट्रंकेला, आणि एक — कोंबड्यांच्या खुराड्याला. वर नाव स्वच्छ लिहिलेलं. तिथली म्हातारी म्हणाली, "लई चांगलं कुलूप बाई, मुंगसाला बी उघडंना!" म्हणजे बघा, शिकवणीचा उपयोग झाला होता. कोंबड्या सुरक्षित होत्या.

कुलपं परत आली. मग परीक्षा झाली. सगळे पास! मॅनेजर पोतदार साहेब खूष. गृहस्थ वाईट नव्हे हं, पण कागदावरचा माणूस. ताप आला तरी थर्मामीटरवर विश्वास, कपाळावर नाही! म्हणाले, "मॅडम, निकाल उत्तम. अहवाल लिहून टाका, मंडळापुढं ठेवू."

उज्ज्वला म्हणाली, "साहेब, हे गुण पाठांतराचे आहेत. तीन महिने थांबा. कामावर काय होतं ते बघते, मग लिहिते."

"अहो, परीक्षेत आलं ते कामावर येणारच की."

"साहेब, सायकलच्या लेखी परीक्षेत मी पहिली आले होते, पण अजून मला कुणीतरी मागं धरावं लागतं."

आता मंडळी, मोजायला जायचं म्हणजे सोपं नाही. बाई दारात आली की कुणीतरी शीळ घालायचं — 'आल्या'! की लगेच सगळ्यांचे हात जुंपल्यासारखे कामाला. पाहुणे आले की आपली मुलं कशी एकदम शुभंकरोती म्हणायला लागतात, तसं. अशा वेळी मोजलं तर घरोघरी संतच निघतील! म्हणून तिनं युक्ती केली. पोत्यांची थप्पी होती, तिच्यामागं कधी सकाळी, कधी दुपारी गुपचूप जाऊन बसायची. मांडीवर कागद. कागदावर प्रश्न — खटका बंद केला का? कुलूप घातलं का? पायात बूट आहेत का? बरोबर असेल तिथं बरोबरची खूण, चुकलं तिथं फुली.

कुलपाच्या रकान्यात एकही फुली नाही! कुणी बघत नसतानाही प्रत्येक जण कुलूप घालत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकच रकाना बिघडलेला, तो बुटांचा. दिलेले बूट कुणी आत घालेना. शिडीपाशी चपला काढायचे आणि अनवाणी उतरायचे. तिनं विचारलं तर मुकादमानं कानाच्या पाळीला हात लावला. "बाई, गुराचं झालं तरी अन्नच न्हवं का त्ये? लक्षुमीत पाय द्यायचा म्हंजे आदीच पाप. वर आनि बूट घालून?"

हा मुकादम म्हणजे दत्तोबा चौगुले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्या कारखान्याचा पाया खणला तेव्हापासूनचा माणूस. कुणाचं लग्न जमवायचं, कुणाची सोयरीक मोडायची, कुणाचं भांडण मिटवायचं — अण्णा! केरबाच्या हाताला पहिलं फडकं बांधलं तेही अण्णांनीच, स्वतःच्या फेट्याचं. आणि कारखान्यात त्यांचा सख्खा भाचा कामाला. शिदगोंडा. त्याला शिदू म्हणायचे. बाप लहानपणी गेला, अण्णांनीच वाढवला. पायातली चपलसुद्धा अण्णांनी बाजारातून घेऊन दिलेली, एकीचा अंगठा तुटला तेव्हा हिरव्या वायरीनं अण्णांनीच बांधलेला.

तीन महिने भरत आले. पोतदार साहेबांनी विचारलं, "मग मॅडम, किती टक्के?"

"कुलपाचं म्हणाल तर शंभर."

"शंभर! बूट सोडा हो, ते शंभर वर मोठ्या अक्षरात घ्या."

तिनं घेतलं. आणि तरीही 'आणखी एकदा बघून येते' म्हणून दुपारी थप्पीमागं जाऊन बसली. का? सवय! चार मिरच्या वर आल्या की विचारायची सवय.

मंडळी, आता जरा सावरून बसा.

दुपारची वेळ. बाहेर माल न्यायला ट्रक लागलेला, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. आत शिदू उतरलेला. पेटीला त्याचं लाल कुलूप. खरवडून झालं, शिदू वर आला, शिडी उतरला, आणि हाक दिली, "मामा, आलो वो!"

अण्णांनी मान हलवली. कमरेला हात घातला. तिथं जुडगा होता. त्यातली एक किल्ली काढली आणि शिदूचं कुलूप उघडलं.

उज्ज्वलानं खाली कागदावर बघून खूण केली — काम संपल्यावर कुलूप काढले, बरोबर. आणि केलेली खूण तिनं पुन्हा पाहिली. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना.

तोवर शिदूच्या ध्यानात आलं, हातात उलथणं नाही! आत राहिलं. लोखंडाचा तुकडा घोळला गेला तर पेंडीतून कुणाच्या तरी म्हशीच्या पोटात जाईल. पोरगं प्रामाणिक. परत शिडी चढलं, आत उतरलं. हॉर्नच्या गोंगाटात त्याची हाक कुणाला ऐकू जाणार! अण्णांची पाठ त्याच्याकडं. अण्णा खटक्यापाशी. हात वर गेला...

उज्ज्वलानं मान वर केली. शिदू दिसत नव्हता. शिडीपाशी काय दिसलं? — चपला! एकीच्या अंगठ्याला हिरवी वायर.

ओरडली ती. काय ओरडावं ते सुचलं नाही. 'थांबा' नाही, 'माणूस' नाही. ओरडली, "अण्णा, चपला!"

अण्णांचा हात खटक्यावर होता. तिथंच राहिला. त्यांनी वळून चपलांकडं पाहिलं. त्या वायरीकडं पाहिलं. आणि मिक्सरच्या तोंडातून शिदूचं डोकं वर आलं, हातात उलथणं, तोंडभर हसू. "घावलं वो मामा! आत ऱ्हायलं असतं की!"

काय आत राहिलं असतं, बाबा? ... काय आत राहिलं असतं!

अण्णा खाली बसले. खटक्याला लागलेला तो हात दुसऱ्या हातानं धरून बसले, जणू तो त्यांचा नव्हेच. बाहेर हॉर्न चालूच.

आता तुम्ही म्हणाल, चुकलं कोण? शिदू? त्यानं कुलूप घातलं होतं. अण्णा? त्यांनी भाच्याची हाक ऐकूनच कुलूप काढलं. परीक्षेत दोघंही पहिले!

उज्ज्वलानं सगळ्यांना गोळा केलं.  "शिदू, तुझी किल्ली कुठं होती?"

"मामांकडं."

"तुझी रे? आणि तुझी?"

"अण्णांकडंच की, बाई. सगळ्यांच्याच."

"अरे, पाठ काय केलं होतं?"

सगळे एका सुरात — "ज्याचं अंग आत, त्याची किल्ली खिशात!" अगदी आपण आरती म्हणतो तसं. म्हणताना कुणी हातसुद्धा खिशाकडं नेला नाही!

"मग खिशात का नाही?"

 शिदूच पुढं झाला. म्हणाला, "बाई, अण्णा हुबं आसताना किल्ली खिशात घालायची? म्हंजे अण्णांवर भरवसा न्हाई, आसं झालं की. बरं दिसतंय व्हय?"

बघा मंडळी! कुणी आळशी नव्हतं, कुणी अडाणी नव्हतं. मोठ्या माणसाचा मान ठेवला, एवढंच! आत उतरताना अण्णांच्या हातात किल्ली द्यायची, पाया पडल्यासारखी. अण्णांनी ती कमरेला अडकवायची, आशीर्वाद दिल्यासारखी. अपघातात आणि यांच्यात लाल कुलूप होतं खरं, पण शेवटी उरला तोच — विश्वास. केरबाच्या वेळेचा!

आणि उज्ज्वला? तिनं तीन महिने कुलूप मोजलं. किल्ली मोजलीच नाही. जुडगा रोज डोळ्यांसमोर वाजत होता, पण कागदावर त्याला रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते दिसतच नाही हो माणसाला! आणि ज्या चपलांपुढं ती रोज फुली मारत होती, त्या चपलांनी माणूस वाचवला. म्हणून काय, बूट घालू नका असं नाही हं! नाहीतर उद्या कुणीतरी सांगायचं, बुवा म्हणाले अनवाणी उतरा.

ती तशीच पोतदार साहेबांकडं गेली. "साहेब, अहवाल बदलायचा आहे. आकडा शून्य."

"शून्य? अहो, सकाळी शंभर होते!"

"सकाळी मी कुलपं मोजली होती."

"मॅडम, कुणाला काही झालेलं नाही. इतके महिने तुमचा पगार दिला, त्याचं फळ शून्य असं मंडळाला सांगू? पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवतील का ते?"

उज्ज्वलानं खिडकीतून फाटकाकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही ठेवलं तर फाटकातूनच जाईन ना? तिथं केरबा सलाम करेल. तो सलाम मला घेता आला पाहिजे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कागद पुढं ओढला आणि स्वतःच्या हातानं शंभरावर काट मारली. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

पण आकडा बदलून किल्ली कुठं खिशात येते? ती अण्णांच्या कमरेला. ती मागायची कशी? ज्या माणसानं सगळ्यांना धरून ठेवलं, त्याला म्हणायचं, 'तुमच्यावर विसंबायचं नाही'? उज्ज्वला अण्णांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली.

"अण्णा, एक विचारू? उद्या तुम्ही आत उतरलात, तर तुमची किल्ली कुणाकडं द्याल?"

अण्णा म्हणाले, "शिदूकडं." मग थांबले. "न्हाई... त्ये पोरगं भोळं, कुनी हाळी दिली की पळतंय." पुन्हा थांबले. एकेक नाव मनात घेतलं असणार. आणि हळूच म्हणाले, "कुनाकडंच न्हाई द्यायचो, बाई."

तिनं फक्त त्यांच्या कमरेच्या जुडग्याकडं पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी सगळ्यांना उभं केलं. जुडगा सोडवला. एकेक किल्ली कपाळाला लावली आणि ज्याची त्याच्या खिशात आपल्या हातानं घातली. "आजपासनं माझा मान ह्यात हाय. मी मागितली तरी द्यायची न्हाई." बुटांचंही मिटलं. मिक्सरपुरते वेगळे, धुतलेले बूट आले, आणि चपला शिडीपाशी राहू लागल्या.

झालं का आख्यान? नाही! बाई मिरच्या मोजणारी. तिनं आता नवा रकाना केला, किल्ली कुठं आहे याचा. पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. महिना गेल्यावर ती अण्णांना म्हणाली, "अण्णा, आता खरं माप तुम्हीच घ्या. किल्ली मागून बघा."

अण्णा तयार झाले. दुपारी मुद्दाम ट्रक लागू दिला. हॉर्न वाजू दिला. पोतदार साहेबांनाही शेजारी उभं केलं. शिदू आत. अण्णांनी मिक्सरखालून आवाज चढवून हाक मारली, अशी हाक, की जिच्यापुढं शिदू जन्मात कधी उभा राहिला नव्हता. "ए शिद्या! किल्ली टाक खाली! सायेब हुबं हाईत!"

वरती डोकं आलं. भुशानं माखलेलं. साहेबांकडं बघितलं, मामाकडं बघितलं. चेहरा रडवेला झाला.  आणि म्हणाला, "न्हाई, मामा."

"काय म्हनलास?"

"मी आत हाय, तवर किल्ली बी आतच. रागवायचं तर रागवा. मी भाईर आल्यावर मारा."

अण्णा वळले. फेट्याच्या शेवानं डोळे पुसत म्हणाले, "बाई, ल्हानाचा मोटा केला ह्याला, पर आज पयल्यांदा त्यानं माझं आयकलं न्हाई." आणि लगेच, "घाला तुमच्या कागदावर काय घालायचं ते!"

उज्ज्वलानं खूण केली. एकच. पण मंडळी, ती खूण शंभरापेक्षा मोठी.

आता वळू का तुमच्याकडं?

तुम्ही कीर्तनाला येता. राग वाईट, मत्सर वाईट, परनिंदा वाईट — पाठ! मी अर्धं वाक्य टाकलं तर उरलेलं तुम्ही म्हणता. गळ्यात माळ, कपाळाला गंध. लाल कुलूप झकास लावलंय, वर नावसुद्धा आहे! पण किल्ली? किल्ली बुवांकडं. "बुवा, आमच्या ह्यांचा राग जाईना, तुम्हीच काहीतरी करा." "बुवा, नामस्मरण होत नाही, तुमचं चालू आहे ना, मग झालं!" अहो, माझ्या कमरेला किती जुडगे लटकवाल? मीही माणूस आहे. बाहेर हॉर्न वाजला तर माझाही हात खटक्यावर जाईल!

आणि इथं मंडपात माझ्यासमोर माना डोलावता, ती तर शीळ घालून झालेली तपासणी. खरं माप उद्या सकाळी, चहात साखर कमी पडल्यावर. पोत्यांच्या थप्पीमागं बसून मोजणारी प्रत्येकाच्या घरात आहे. कुणाच्या घरी सून, कुणाच्या घरी सासू. कागद नसतो तिच्याकडं, पण रकाने सगळे पाठ असतात!

तेव्हा उद्या तो जुना मुकादम येईल. राग म्हणा, लोभ म्हणा. घरातलाच, ओळखीचा, अगदी प्रेमाचा. म्हणेल, "किल्ली दे जरा." काय म्हणाल?

... 'नाही' म्हणालात! किती मोठ्यानं! शाबास. पण हे कुलूप झालं हो. मंडपातलं 'नाही' मी मोजत नाही.

येताना दाराशी चपलांचा ढीग पाहिला. चपला बाहेर आहेत म्हणजे माणूस आत आहे, एवढं कारखान्यातल्यासारखं मलाही कळतं. पण किती आत आहे, ते त्या विठ्ठलालाच ठाऊक. आता त्याच्या नावाचा एकदा गजर करू, आणि मग निघताना चपला आपापल्या पायांत घाला, आणि किल्ली — चाचपा बरं एकदा — आपापल्या खिशात.